शहराचे पावसाळी पाणी आणि आपले जुने तलाव

पावसाचे पाणी जमिनीवर पडल्यावर पुढे त्याचे काय होते, हा प्रश्न शेतकऱ्याच्या मुलास सहसा पडत नाही. कारण त्याचे उत्तर तो लहानपणापासून डोळ्यांनी पाहत असतो. काही पाणी जमिनीत मुरते, काही बांधीत साचते, काही मेर ओलांडून खालच्या बांधीत उतरते, आणि उरलेले नाल्यावाटे तलावास मिळते. शहरात वाढणाऱ्या मुलास हाच प्रश्न विचारला, तर तो म्हणेल की पाणी गटारात जाते. गटारातून पुढे कोठे जाते, हे मात्र त्यास बहुधा सांगता येणार नाही. आणि खरे बोलावयाचे तर त्याच्या घरच्या वडील माणसांपैकीही पुष्कळांस ते सांगता येणार नाही. प्रस्तुत लेखात या डोळ्यांआड गेलेल्या पाण्याचा माग काढावयाचा आहे. त्यास अडवून धरण्यासाठी, निवळविण्यासाठी, आणि जमल्यास त्याच्या काठी मनुष्यास चार घटका सुखाने घालविता याव्यात यासाठी तळ्यांचा उपयोग कसा होतो, हे आपल्याच जिल्ह्याच्या आधाराने समजावून द्यावे, असा हेतू आहे.

आपल्या गोंदिया जिल्ह्यास तलाव ही काही नवी वस्तू नव्हे. १९९९ साली हा जिल्हा भंडाऱ्यापासून वेगळा झाला, त्याच्या कितीतरी पूर्वीपासून या मुलखाची ख्याती धान आणि तलाव यांविषयीच आहे. चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, गोंड राजांनी तलाव बांधणाऱ्यास जमिनी देऊन उत्तेजन दिले आणि कोहळी लोकांनी त्या कामात विशेष कौशल्य मिळविले, अशी परंपरेने चालत आलेली माहिती आहे. रसेल व हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जातिजमातींविषयीचा जो मोठा ग्रंथ १९१६ साली प्रसिद्ध झाला, त्यातही कोहळ्यांच्या या कसबाचा उल्लेख येतो. अर्जुनी मोरगाव तालुक्यातील नवेगाव बांध हा विस्तीर्ण तलाव अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे सांगतात. टेकड्यांच्या मधली खिंड हेरून तेवढीच बांधून काढावयाची, की मागे आपोआप सरोवर उभे राहते. अशा कामास यंत्रे लागली नाहीत. जमिनीचा उतार ओळखणारी नजर मात्र लागली.

पुढे मालगुजारी पद्धत आली, तेव्हा गावोगावचे तलाव मालगुजाराच्या देखरेखीखाली राहिले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले. तेव्हापासून त्यांना ‘माजी मालगुजारी’ व थोडक्यात ‘मामा तलाव’ म्हणतात. पूर्व विदर्भात असे साडेसहा हजारांहून अधिक तलाव आहेत, आणि त्यांपैकी हजाराहून अधिक एकट्या आपल्या जिल्ह्यात आहेत. मौज अशी की, हे तलाव भातासाठी बांधले गेले असले, तरी त्यांपैकी काहींच्या काठापर्यंत, किंबहुना काहींच्या पोटापर्यंत, आता गावे व शहरे येऊन पोचली आहेत. धानाला पाणी देणारा तलाव घरांच्या मध्ये सापडला म्हणजे त्याने काय करावे? येथपासून आपल्या विषयास खरा आरंभ होतो.

प्रथम एक हिशेब करून पाहू. तो आठवीच्या विद्यार्थ्यासही सहज जमेल. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. एवढ्या जागेवर १ मिलिमीटर पाऊस पडला, तर १०,००० लिटर पाणी होते. आपल्याकडे वर्षाकाठी सुमारे १२०० ते १३०० मिलिमीटर पाऊस पडतो व त्याचा फार मोठा भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच येतो. त्यातही एखाद्या सायंकाळी तासा-दोन तासांत ५० मिलिमीटर पडून जाणे ही अपूर्व गोष्ट नव्हे. आता कल्पना करा की, ५० हेक्टरांची एक वस्ती आहे. ५० मिलिमीटर पावसाने तीवर अडीच कोटी लिटर पाणी पडले. छपरे, सिमेंटचे रस्ते, फरशी घातलेली अंगणे यांतून पाणी मुरत नाही. म्हणून पाचांपैकी चार हिस्से वाहून निघाले असे धरले, तर दोन कोटी लिटर पाणी त्याच घटकेस खालच्या बाजूस धावत सुटले.

हीच ५० हेक्टर जमीन पूर्वी धानाची होती, तेव्हा काय होत असे? बांधीच्या मेरा वीतभरच उंच असतात. परंतु त्यांच्या आत १५ सेंटिमीटर पाणी उभे राहू शकले, तर एका हेक्टरात पंधरा लाख लिटर पाणी मावते. म्हणजे आपल्या वस्तीवर पडलेल्या त्या पावसाच्या तिप्पट पाणी त्या बांध्या मुकाट्याने पोटात घालू शकत होत्या. त्या निम्म्या भरलेल्या असल्या, तरीही सर्व पाऊस त्यांत सामावला असता. धानाची प्रत्येक बांधी ही एक लहानशी तळीच असते, हे ध्यानात ठेवावे. जेव्हा आपण बांध्यांवर मुरूम टाकून घरांचे भूखंड पाडतो, तेव्हा आपण नुसते शेत मोडत नाही, शेकडो तळी एकदम बुजवितो; आणि मग पहिल्याच मोठ्या पावसात पाणी घरात शिरले, म्हणजे नगर परिषदेस दोष देतो. नगर परिषदेचा दोष नसतो असे माझे म्हणणे नाही. परंतु हिशेबातील पहिली चूक त्याहून आधी झालेली असते.

ती दोन कोटी लिटर सामावून घेण्यास किती मोठे तळे लागेल? दोन हेक्टरांचे तळे असेल, तर त्यातील पाणी बरोबर एक मीटर चढेल. अर्थात त्या तळ्यात पाऊस पडण्यापूर्वी एक मीटर जागा रिकामी पाहिजे. ही अट दिसावयास क्षुल्लक, परंतु सर्व प्रकरणाचे मर्म तिच्यातच आहे. तिच्याकडे पुढे वळू.

आता पाण्याच्या गुणाचा विचार करू. आकाशातून पडणारे पाणी बहुतांशी शुद्ध असते. ते घाण होते ते जमिनीवर आल्यावर. उन्हाळ्याचे चार महिने रस्त्यावर काय काय साचते ते पाहा: मोटारींतून ठिबकलेले तेल, झिजलेल्या टायरांची काळी भुकटी, गुरांचे शेण, बांधकामाची रेती व सिमेंट, आणि आपल्या शहरात भातगिरण्या पुष्कळ असल्यामुळे तुसाची राख. पत्र्यांच्या छपरांवरून जस्त उतरते. पेट्रोलमध्ये पूर्वी शिसे मिसळीत असत. आपल्या देशात ते २००० साली बंद झाले, तरी त्या काळी रस्त्याकडेच्या मातीत पडलेले शिसे अजून कोठे कोठे तसेच आहे, कारण शिसे कुजत नाही व उडूनही जात नाही. हे सर्व पहिल्या दोन-चार सरींबरोबर धुऊन निघते. म्हणूनच मृगाच्या पहिल्या पावसाचे गटारातील पाणी काजळासारखे असते आणि श्रावणातले त्या मानाने बरे असते. पहिल्या लोटाचे पाणी सर्वांत मळके, हा नियम बहुतेक शहरांस थोड्याफार फरकाने लागू पडतो. अमेरिकेत १९७९ ते १९८३ या काळात २८ ठिकाणी याची पद्धतशीर पाहणी झाली. तेव्हा शहरावरून वाहणाऱ्या पावसाच्या पाण्यात तांबे, शिसे व जस्त जागोजाग सापडले. तोपर्यंत कारखान्याचे व संडासाचे पाणी तेवढे वाईट, आणि पावसाचे पाणी निरुपद्रवी, असा पुष्कळांचा समज होता.

या मळाचा मोठा भाग मातीच्या बारीक कणांस चिकटून प्रवास करतो, ही आपल्या दृष्टीने सुदैवाची गोष्ट आहे. कण जर खाली बसविता आले, तर त्यांच्याबरोबर मळही बसतो. आणि कण खाली बसविण्यास पाणी स्थिर ठेवणे एवढेच पुरते. गढूळ पाणी घागरीत रात्रभर ठेवून सकाळी वरचे निवळ पाणी ओतून घेणे, हे आपल्या आज्यांना कोणी शिकविले नव्हते. त्यामागचा नियम सर जॉर्ज स्टोक्स या शास्त्रज्ञाने १८५१ साली गणिताने मांडला. त्याचा सोपा अर्थ असा की, कणाचा आकार एक-दशांश झाला, तर त्याची बुडण्याची गती एक-शतांश होते. मिलिमीटराच्या दहाव्या भागाएवढा रेतीचा कण एक मीटर खोल पाण्यात सुमारे दोन मिनिटांत तळास जातो. त्याच्या दशांश आकाराच्या गाळाच्या कणास तीन तासांच्या वर लागतात. आणि त्याच्याही दशांश, म्हणजे चिकणमातीच्या कणास जवळजवळ तेरा दिवस लागतात. यावरून दोन गोष्टी निघतात. एक, वाहत्या गटारात काहीच बसत नाही, पण तळ्यात पुष्कळ बसते. दुसरी, पाणी तळ्यात जितके अधिक काळ राहील तितके ते अधिक निवळेल. म्हणून पाणी एका टोकाने आत येऊन दुसऱ्या टोकाने बाहेर पडावे, आल्या वाटेशेजारूनच निघून जाऊ नये.

या कामासाठी मुद्दाम तळे बांधणारे लोक मुख्य तळ्याच्या तोंडाशी एक लहान कुंड ठेवतात. लोटाबरोबर आलेली रेती, प्लास्टिक, काटक्या तेथेच अडकतात. दरवर्षी मोठे तळे उपसण्यापेक्षा लहान कुंड उपसणे स्वस्त पडते. एकापुढे एक पाणी साठविण्याची ही कल्पना फार जुनी आहे. बेथलेहेमजवळ ज्यांना परंपरेने शलमोनाची तळी म्हणतात, ते तीन विशाल हौद उतारावर एकाखाली एक असे बांधलेले असून तेथील पाणी पाटाने यरुशलेमेस नेत असत. संशोधक त्यांचा काळ शलमोनानंतर पुष्कळ अलीकडचा मानतात. तथापि आपण तळी बांधून त्यांच्या पाण्याने झाडे वाढविली, असे ‘उपदेशक’ या पुस्तकाचा वक्ता सांगतो, त्या अर्थी तळे बांधणे ही थोर पुरुषाने अभिमानाने सांगावी अशी गोष्ट त्या देशातही होती, एवढे निश्चित.

गाळ बसल्यानंतरचे काम वनस्पतींचे. काठच्या उथळ पाण्यात उगवणारी गवते, देवधान, कमळ, शिंगाडा यांच्या देठांशी पाण्याची गती मंदावते. त्यांच्या अंगावर सूक्ष्म जंतूंचा जो बुळबुळीत थर चढतो, तो पाण्यातील सेंद्रिय घाण खातो. आणि मुळे स्फुरद व नत्र शोषून घेतात. व्यवस्थित राखलेले तळे पाण्यातील तरंगत्या गाळाचा साधारणतः पाचांपैकी चार हिस्से, स्फुरदाचा सुमारे निम्मा व नत्राचा त्याहून कमी भाग अडवून धरते, असा अनेक देशांतील अनुभव आहे. परंतु जे मीठ वा जी कीटकनाशके पाण्यात पूर्णपणे विरघळलेली असतात, त्यांच्यापुढे तळ्याचा फारसा इलाज चालत नाही. तळे हे औषध आहे, जादू नव्हे.

येथे कोणी विचारील की, असे असेल तर आपल्या शहरांतील तलाव हिरवे, दुर्गंधी व जलपर्णीने झाकलेले का दिसतात? कारण आपण त्यांत पावसाचे पाणी सोडीत नाही, सांडपाणी सोडतो. पावसाचे पाणी वर्षातून काही दिवस येते. सांडपाणी रोज येते. माणशी रोज सुमारे १०० लिटर सांडपाणी धरले, तर दहा हजार वस्तीचे दहा लाख लिटर झाले. आपल्या मघाच्या दोन हेक्टरांच्या तळ्यातील ती एक मीटर रिकामी जागा अवघ्या वीस दिवसांत अशाने भरून जाईल, आणि तीही कशाने! सांडपाण्यातील स्फुरदावर शेवाळ माजते. दिवसा ते प्राणवायू सोडते खरे, परंतु रात्री तोच शोषून घेते. म्हणून पहाटेच्या सुमारास पाण्यातील प्राणवायू सर्वांत कमी असतो व मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडताना दिसतात. एखाद्या सकाळी मेलेले मासे काठाशी लागले म्हणजे लोक विषप्रयोगाचा संशय घेतात. कित्येक वेळा विष कोणी घातलेले नसते. श्वास कोंडलेला असतो. पुढे तळाशी प्राणवायू अजिबात उरला नाही, म्हणजे चिखलात बांधून पडलेले स्फुरद पुन्हा सुटून वर येते, आणि जे तळे पाणी शुद्ध करीत होते तेच पाणी बिघडवू लागते. तेव्हा उन्हाळ्यात, पाऊस नसताना, तलावात येणाऱ्या नाल्यांना पाणी आहे की नाही, हे पाहावे. कोरडे असावयास पाहिजेत ते नाले वाहत असतील, तर तो तलाव आजारी आहे असे खुशाल समजावे.

आता त्या रिकाम्या जागेच्या अटीकडे वळतो. मालगुजारी तलावात पाळीतून पाणी सोडण्याची जी जागा असते, तिला इकडे तुडूम म्हणतात. तिची भोके उघडून वा बुजवून हवे तेवढे पाणी पाटास देता येते. धानाला पाण्याची गरज पडली की तुडूम उघडावयाचे. त्यामुळे तलावाची पातळी उतरे आणि पुढील पावसास जागा होई. अधिक झालेले पाणी सांडव्यावरून निघून जाई. धानासाठी तलाव राखणाऱ्यास तो भरलेला हवा असतो, आणि पुरापासून बचाव इच्छिणाऱ्यास तो काहीसा रिकामा हवा असतो; या दोन विरुद्ध इच्छांमध्ये तुडूम हे जणू मध्यस्थाचे काम करीत असे. शहरात सापडलेल्या तलावाखालची शेतेच नाहीशी झाली. आता तुडूम उघडावे असे कोणास वाटत नाही, कित्येक ठिकाणी ते बुजून गेलेले असते. सांडपाण्याने तलाव बारमाही काठोकाठ राहतो, आणि मोठा पाऊस आला म्हणजे त्यात एक वीतही जागा नसते. तलाव डोळ्यांपुढे आहे. परंतु कामास नाही.

असे झाल्यावर काय घडते, हे नागपूरकरांनी अनुभविले आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे, मध्यरात्रीनंतरच्या काही तासांत तेथे शंभर मिलिमीटरांहून अधिक पाऊस झाला. अंबाझरी तलाव भरून वाहू लागला आणि त्याच्या सांडव्याखालून निघणाऱ्या नाग नदीकाठच्या वस्त्यांत लोक झोपेत असतानाच पाणी शिरले. माणसे दगावली, हजारो घरांतील चीजवस्तू गेली. पुढे सांडव्यापुढील व नदीपात्रातील अडथळ्यांचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेला. सांडवा ही तलावाची निरुपयोगी बाजू नव्हे. संकटसमयी तोच तलावाचा दरवाजा असतो. त्याच्यापुढची वाट कोरडी दिसते म्हणून तेथे घर बांधू नये, आणि स्वस्त मिळतो म्हणून तेथला भूखंडही घेऊ नये. पालकांपैकी ज्यांचा घर घेण्याचा विचार असेल, त्यांनी जागा भर पावसाळ्यात जाऊन पाहावी. उन्हाळ्यात सर्वच जमिनी चांगल्या दिसतात.

तलाव बुजविण्याचा मार्ग मुंबईने फार पूर्वीच चोखाळून पाहिला. १९४२ साली ‘भारत छोडो’ची हाक ज्या मैदानावर दिली गेली, ते गवालिया टँक मैदान नावावरूनच सांगते की तेथे पूर्वी तलाव होता, धोबी तलावाचेही आता नावच उरले आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. एवढ्या पावसापुढे दोन-चार तलावांनी काय केले असते, असे कोणी म्हटले तर ते खरेच आहे. परंतु पाण्यास थांबावयास जागाच नाही, हे त्या दिवशी सर्वांस एकदम कळले.

याउलट सिंगापूरचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. त्या लहानशा नगरराज्याने २००६ साली आपल्या नाल्यांस, तळ्यांस व नद्यांस सुंदर, स्वच्छ आणि लोकांच्या उपयोगी करण्याची योजना हाती घेतली. बिशान येथील उद्यानाशेजारून कल्लांग नदी २.७ किलोमीटर लांबीच्या सरळ सिमेंटी कालव्यातून वाहत होती. तो कालवा फोडून तिला ३.२ किलोमीटर लांबीचे वळणावळणाचे नैसर्गिक पात्र दिले, आणि २०१२ साली ते उद्यान नव्या रूपात खुले झाले. कोरड्या दिवशी मुले काठावर खेळतात. मोठा पाऊस आला म्हणजे नदी उद्यानाची जागा तात्पुरती व्यापते, आणि तत्पूर्वी लोकांस इशारा देण्याची व्यवस्था आहे. एकाच जमिनीस दोन कामे लावली.

आपल्याकडे तलावाच्या ‘सौंदर्यीकरणा’चे काम निघाले की सभोवती उभी दगडी वा सिमेंटची भिंत, तीवर फरशीचा रस्ता, मध्ये कारंजे, असा थाट करतात. सायंकाळी फिरावयास जागा होते, हे खरे, आणि ती व्हावयासही हवी. शहरातील म्हाताऱ्या माणसांस व मुलांस मोकळी हवा आणखी कोठे आहे? परंतु अशा भिंतीने चारी बाजूंचे पावसाचे पाणी तलावात येणे बंद होते, काठची उथळ जागा नाहीशी झाल्याने वनस्पती उगवत नाहीत, बगळे व टिटव्यांस उभे राहावयास जागा राहत नाही. शिवाय उभी भिंत धोक्याची. तोल जाऊन आत पडलेल्या मुलास पाय टेकावयास आधार नसतो व हात धरावयास काही सापडत नाही. मंद उताराचा काठ, त्यालगत वीत-दीड वीत खोलीची दोन-तीन मीटर रुंद पायरी, आणि तीवर दाट वाढलेले गवत व देवधान, अशी रचना असली तर पाय घसरलेले मूल गुडघाभर पाण्यातच उभे राहते. पाणी निवळण्यास जी रचना हितकर, तीच मुलांच्याही रक्षणास हितकर, हा योगायोग मोठा समाधानाचा आहे. एवढे असले तरी शहरी तलावात पोहणे मात्र सर्वथा वर्ज्य समजावे. वरून निवळ दिसणाऱ्या पाण्यात काय आहे ते डोळ्यांस कळत नाही, आणि तळाचा गाळ पाय धरून ठेवतो.

डासांची भीती पुष्कळांस वाटते, व तलाव बुजविण्यास तेच कारण पुढे करण्यात येते. १८९७ साली सर रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबाद येथे डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू दाखवून दिले, तेव्हापासून साचलेल्या पाण्याचा धाक आपल्या मनात बसला आहे, आणि तो अगदीच निराधार नाही. परंतु सर्व डास सारखे नसतात. डेंग्यूचा डास तलावात नव्हे, तर घरातील कूलर, फुटके टायर, झाकण नसलेली टाकी व फुलदाण्या यांत वाढतो. सांडपाण्याने सडलेल्या डबक्यात दुसऱ्या जातीचे डास निपजतात. ज्या तलावात मासे जिवंत आहेत आणि काठ जलपर्णीने बुजलेला नाही, तेथे डासांच्या अळ्यांस मासे सहसा जगू देत नाहीत. म्हणून डासांचा बंदोबस्त करावयाचा तर तलाव मारून नव्हे, मासे जगवून करावा लागतो.

माशांचा विषय निघाला तर ढिवर बांधवांचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. आपल्या तलावांतील मासे, कमळकंद व शिंगाडे यांवर त्यांची पिढ्यान् पिढ्या उपजीविका चालत आली आहे, आणि पाण्यात कोणती वनस्पती असावी व कोणती नसावी याचे ज्ञान त्यांच्याजवळ पुस्तकाबाहेरचे आहे. अर्जुनी मोरगावकडील काही गावांत ढिवर स्त्रीपुरुषांनी तलावातील बेशरमाची झुडपे उपटून काढली, देशी पाणवनस्पती पुन्हा लाविल्या, आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने त्या कामी साह्य केले. बेशरम हे झुडूप नावासारखेच आहे; कापले तर दुप्पट वाढते, म्हणून ते मुळासकट काढावे लागते. शहरातील तलाव दुरुस्त करणाऱ्या अभियंत्यांनी एकदा या लोकांस विचारून पाहिले, तर त्यांचा पुष्कळ खर्च वाचेल असे मला वाटते. सारस पक्ष्याची जोडी ज्या मोजक्या जिल्ह्यांत महाराष्ट्रात अजून दिसते, त्यांत आपला गोंदिया प्रमुख आहे, आणि तो पक्षी धानाच्या बांध्या व असे उथळ काठाचे तलाव यांवरच जगतो, हेही येथेच नमूद करतो.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. २००१ साली हिंचलाल तिवारी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, गावची तळी ही सर्व समाजाची संपत्ती असून ती घरांसाठी वाटून देता येत नाही. दुसऱ्या बाजूस, पाणथळ जागांच्या रक्षणासाठी केंद्र सरकारने २०१७ साली जे नियम केले, त्यांतून सिंचनासाठी बांधलेले तलाव वगळले आहेत. म्हणजे आपला मामा तलाव धानासाठी बांधला म्हणून त्या नियमांबाहेर, आणि शहरात सापडून धानाला पाणी देत नाही म्हणून पाटबंधाऱ्यांच्या दृष्टीने बिनकामाचा! अशा दोन घरच्या पाहुण्याची काळजी अखेर नगर परिषद व शेजारी राहणारे लोक यांनाच घ्यावी लागते.

त्या काळजीत गाळाचे काम सर्वांत मोठे. तळे आपले काम जितके चांगले करील तितके ते लवकर भरेल, हे उघड आहे. दर काही वर्षांनी गाळ काढला नाही, तर तलावाचे कुरण होते. गावच्या तलावाचा गाळ शेतास उत्तम. २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या राज्य सरकारच्या योजनेत तो शेतकऱ्यांनी न्यावा असे ठरले आहे. परंतु शहरी तलावाच्या गाळात शिसे, जस्त व तेल उतरलेले असण्याचा संभव असतो. म्हणून तो आधी प्रयोगशाळेत तपासून मगच शेतात टाकावा, भाजीच्या वाफ्यात तर तपासल्यावाचून मुळीच टाकू नये.

विद्यार्थ्यांस यातील एक गोष्ट घरी पडताळून पाहता येईल. सरळ बाजूंचा एक डबा उघड्यावर ठेवून पाऊस मोजावा. घराजवळील गटाराचे पाणी पाऊस सुरू होताच एका काचेच्या बाटलीत, अर्ध्या तासाने दुसरीत, आणि पाऊस थांबण्याच्या सुमारास तिसरीत, वडील माणसांच्या देखत घ्यावे, बाटल्यांस चिठ्ठ्या लावून त्या न हलविता ठेवाव्यात, आणि दुसऱ्या दिवशी पट्टीने प्रत्येकीचा गाळ मोजावा. नंतर हात साबणाने स्वच्छ धुवावेत. डब्यातील मिलिमीटरांस आपल्या छपराच्या चौरस मीटरांनी गुणले, म्हणजे किती लिटर पाणी आपल्या घरावरून गेले ते कळेल. तीन बाटल्यांपैकी कोणतीत गाळ अधिक निघतो, ते वर सांगितलेल्या नियमाशी ताडून पाहावे. तिसऱ्या दिवशीही पाणी गढूळच राहिले, तर त्यात चिकणमाती आहे असे समजावे, आणि ती बाटली तेरा दिवस तशीच ठेवावी.